साडेदहाची घंटा

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण त्यात माझी चूक आहे.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. दिंडोरीजवळ आमचा द्राक्षांचा मळा आहे. माझं पोथीचं सात दिवसांचं पारायण चालू होतं. अध्याय अर्धवट टाकून उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, हा नियम. आणि नियमांच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. साडेदहाची नैवेद्याची आरती तेवढी हे करायचे, घड्याळ बघून. पाचव्या दिवशी आरतीत ह्यांच्या हातातून घंटा पडली. मला रागच आला. मान वर न करता मी हातानंच खुणावलं, उचला. मागून घोगरं काहीतरी ऐकू आलं, तरी मी वाचतच राहिले. अध्याय संपवून वळले तर हे भिंतीला टेकून बसलेले, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. दहा मिनिटं तरी गेली होती.

दीर धावत आले. "वहिनी, अंगावरून वारं गेलंय. तेल लावणाऱ्या वैदूकडं नेऊ, तो मंगळवारीच औषध देतो, आज मंगळवारच हाय." आमच्याकडं सगळे तिथंच जायचे, मलाही पटलं. द्राक्षं न्यायला आलेल्या व्यापाऱ्याच्या पिकअपमध्ये ह्यांना घातलं. ड्रायव्हर पन्नाशीचा, अनोळखी. फाट्यावर त्यानं गाडी थांबवली.

"ताई, माझ्या आईला पयलं अशाच वैदूकडं नेलं व्हतं. मंग दवाखान्यात नेलं, तवा डॉक्टर बोलले, लय उशीर केला. मी गाडी तिकडं वळवणार नाय."

दीर त्याच्यावर ओरडले. मी मात्र म्हणाले, "नाशिकला चला." का म्हणाले, मला आजही सांगता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, नक्की किती वाजता झालं? मी म्हणाले, साडेदहाला, आरतीत. लगेच मेंदूचा सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यानंच मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सही मला करायची होती. एरवी देवापुढं माझी मागण्यांची यादीच असते. त्या वेळी काही मागायलाही सुचेना. "तूच बघ," एवढंच म्हणाले आणि सही केली.

संध्याकाळी ह्यांची बोटं हलली. चौथ्या दिवशी भिंत धरून चालले. बोलणं अजून थोडं जड आहे, पण माझ्यावर चिडण्यापुरतं पुरतं. पारायण मोडलं त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. मी अध्याय सोडून उठले नाही, याचीच मी देवाकडं क्षमा मागते.

त्या ड्रायव्हरला नंतर पुष्कळ शोधलं. तो व्यापाऱ्याकडं चार दिवसांपुरता आला होता, नावही कुणाला नीट माहीत नव्हतं. हट्टी बाई मी, पण त्या दिवशी एका परक्या माणसाचं ऐकलं, ते माझ्या अकलेनं झालं असं मी म्हणणार नाही. रोज हात जोडते तेव्हा त्याच्या आईची आठवण येते. त्या माउलीच्या वेळी गाडी थांबवायला कुणीच नव्हतं.