कानपिळीचा मान

दिवाळीच्या तोंडावर बाजारात ओवाळणीची तबकं मांडलेली दिसली की ते प्रकरण मला आजही आठवतं, आणि मी रस्ता ओलांडून पलीकडून चालू लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं विसरलो. हे मात्र विसरता आलं नाही, आणि त्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पुण्यात न कळणारी माणसं तशी कमीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते आणि शेजारच्याचा मुलगा अमेरिकेला गेला हे सांगताना लोकांचा आवाज खाली यायचा. मी तेव्हा आर्थिक गुन्ह्यांच्या तपासावर निरीक्षक होतो. एका सकाळी विश्रांतवाडीत खोली घेऊन राहणारी एक मुलगी तक्रार घेऊन आली. मूळची नागपूरकडची, वडील पोस्टात. परदेशी भागीदारी असलेल्या एका कंपनीने वर्षभर संगणकाचं शिक्षण आणि मग परदेशात नोकरी, असं सांगून तिच्यासारख्या बऱ्याच मुलांकडून फी घेतली होती. आता कार्यालयाला कुलूप होतं आणि फोन कुणी उचलत नव्हतं.

"चौकशी न करता फी भरलीत कशी?" मी जरा रागानेच विचारलं.

"केली न सर चौकशी," ती म्हणाली. "उद्घाटनाला एवढ्या मोठ्या घराण्याचे साहेब स्वतः आले होते. बाबा म्हणाले, तीन पिढ्या ज्यांच्या पक्षाला मतं दिली ते कशाला फसवतील? आमच्याकडची सारी पोरं हेच सांगून राहिली."

ते घराणं खरंच मोठं होतं. आजोबा, वडील, मुलगा, सगळे राजकारणात. सध्याच्या कर्त्या पुरुषाला त्यांची माणसं 'मालक' म्हणत. मीही इथे तेच म्हणतो. परदेशी भागीदार म्हणजे दूरच्या एका देशातलं श्रीमंत कुटुंब. तिथल्या पदच्युत हुकूमशहाचा पैसा जगभर फिरवून धुऊन देतात, असा त्यांच्यावर आरोप होता. पुण्यातली कंपनी हा त्या धुण्याचाच एक घाट असावा अशी कुजबुज इथल्या वर्तमानपत्रांतही सुरू झाली.

आम्ही गुन्हा नोंदवला आणि कागद मागवले. मालकांचं नाव कुठेही नव्हतं. कंपनीचे इथले एकमेव संचालक होते अण्णा. अण्णा म्हणजे मालकांचे खासगी चिटणीस. नारायण पेठेत दोन खोल्यांत राहणारे, मालकांच्या वडिलांपासून त्या घरी राबलेले. मालकांनी लगोलग पत्रक काढलं. उद्घाटनाची फीत चिटणिसाच्या आग्रहाने कापली, या परदेशी लोकांचं तोंडही मी पाहिलेलं नाही, माझ्या चिटणिसाने परस्पर उद्योग केले असतील तर कायदा आपलं काम करील, असं त्यात होतं. थोडक्यात, अण्णांना दाराबाहेर काढून आतून कडी लावली होती.

अण्णांना आम्ही अटक केली नव्हती, रोज चौकशीला बोलावत होतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्वतःचा डबा. ठाण्यातला चहा घेत नसत. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते आणि तो पाणी मागतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. अण्णांनी कधी पाणी मागितलं नाही.

"कंपनी कुणाची?"

"माझी."

"परदेशी भागीदारांशी बोलायचात कोणत्या भाषेत? तुम्हाला तर इंग्रजी येत नाही."

"खुणांनी."

शेजारी बसलेला हवालदार हसला. अण्णा हसले नाहीत. मी त्यांना समजावलं की ही सगळी शिक्षा तुम्हाला एकट्याला होईल. घरी बायको आहे, नुकता नोकरीला लागलेला मुलगा आहे. खरं बोललात तर माफीचा साक्षीदार करता येईल. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याबद्दल मला विचारू नका. बाकी काय ते विचारा." बाकी विचारण्यासारखं काही नव्हतं.

तपास तिथेच अडला असता. पण एके दिवशी एक गुरुजी आपणहून माझ्यापुढे येऊन बसले. धोतर, कोट आणि काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र. ते त्यांनी टेबलावर उघडून मालकांच्या पत्रकावर बोट ठेवलं.

"तोंड पाहिलं नाही म्हणतात. अहो, यांच्या कन्येचं लग्न मी लावलं. कानपिळीला त्या परदेशी कुटुंबाचा मुलगा उभा होता. नवरदेवाचा कान कसा पिळायचा ते मी त्याला हाताने दाखवलं. गाढवाने इतका जोरात पिळला की नवरदेव बोंबलला."

"असा जबाब द्याल?"

"मुळीच नाही. मला अजून लग्नं लावायची आहेत. लग्नाचं शूटिंग झालेलं आहे. सरकारी नोकरांना डोळे असतात असं ऐकून आहे." आणि ते उठून गेले.

आपल्याकडे कानपिळीचा मान वधूच्या भावाचा. सख्खा नसेल तर चुलत, मावस, नाहीतर मानलेला, पण तिथे कुणीही सोम्यागोम्या उभा राहत नाही. मालकांना ही एकुलती एक मुलगी. त्यांनी परदेशी भागीदारांसोबतचे बंगल्यावरचे फोटो, बैठकांचे फोटो, सगळं गोळा करून नाहीसं केलं होतं. लग्नाकडे मात्र त्यांचं लक्षच गेलं नाही. लग्न हा त्यांच्या लेखी व्यवहार नव्हता, घरचं कार्य होतं. घरातली कॅसेट त्यांनी जपून ठेवली असेलच, पण आम्हाला तिची गरज पडली नाही. शनिवार पेठेतल्या शूटिंगवाल्याने एवढ्या मोठ्या लग्नाची एक प्रत गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला दुकानात ठेवली होती. पंचनामा करून ती आम्ही ताब्यात घेतली.

सरकारी वकिलांनी ती पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. "ओळख सिद्ध होते, गुन्हा नाही. लग्नात कुणीतरी हौसेने कान पिळला म्हणतील. मला माणूस हवा, सांगणारा."

म्हणून दुसऱ्या दिवशी टीव्ही आणि व्हीसीआर माझ्या खोलीत मांडला आणि अण्णांना समोर बसवलं. माझा हेतू साधा होता. मालक खोटं बोलले हे त्यांना दाखवायचं. पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती.

लाजाहोम चालला होता. गुरुजींनी विचारलं, "वधूचा भाऊ कुठंय?" गर्दीतून एक तरुण हसत पुढे आला. नवा झब्बा, डोक्याला फेटा. त्याने हात पुढे केला, इतक्यात कुणाचा तरी हात त्याच्या खांद्यावर पडला आणि त्याला बाजूला सारलं. हात मालकांचा होता, कारण पुढच्याच क्षणी ते चित्रात आले, त्या गोऱ्या मुलाला पुढे घेऊन. सगळे हसले, टाळ्या झाल्या. वधूने मान वळवून बाजूला झालेल्या तरुणाकडे पाहिलं. तो अजून हसतच होता, पण त्याला हाताचं काय करावं ते कळत नव्हतं.

"थांबवा," अण्णा म्हणाले.

हवालदाराने चित्र थांबवलं.

"तो माझा मुलगा."

  मग त्यांनी पाणी मागितलं.

"ताई दोन वर्षांची असल्यापासून त्याला ओवाळायची. दर भाऊबीजेला, आमच्या त्या खोलीत येऊन. तिला भाऊ नाही आणि ह्याला बहीण नाही. कानपिळी हाच करणार हे तिच्या आईने, वारण्याआधी, स्वतः सांगितलं होतं. पोराने झब्बा पहिल्या पगारातून शिवला. त्या दिवसापासून ताईचं येणं बंद. मालक म्हणाले, आता ती मोठ्या घरी गेली, बरं दिसत नाही." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "कंपनीवर माझं नाव घातलं तेव्हा काय म्हणाले माहितीये, साहेब? 'अण्णा, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. तुम्ही घरचे.' सही करायला घरचे आणि कान पिळायला परके."

त्यानंतर अण्णा रडले. पांढरा शर्ट, मांडीवर डबा, आणि एवढा ताठ माणूस खांदे हलवून रडत होता. मला यश मिळालं होतं आणि मला अतिशय वाईट वाटत होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. परदेशी कुटुंब कुणी आणलं, मालकांच्या कोणत्या बंगल्यावर उतरलं, पैसा कोणत्या वाटेने आला आणि मुलांची फी कुठे गेली. पण पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, ती दंडाधिकाऱ्यांसमोरच व्हावी लागते. सरकारी वकील माफीच्या साक्षीदारासाठी अर्ज करायला तयार झाले. मात्र दिवाळीची सुट्टी लागली होती. सुट्टी संपल्यावर जबाब नोंदवायचा असं ठरलं. अण्णा जाताना म्हणाले, "हलकं वाटतंय." त्या दिवशी त्यांनी ठाण्यातला चहा घेतला.

त्यांच्या घरावर मी साध्या कपड्यातला एक शिपाई ठेवला होता. ठाण्यातली बातमी मालकांपर्यंत पोचायला वेळ लागत नसे, म्हणून कुणी धमकवायला येईल ही भीती. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, एक बाई आल्यात. गाडी कोपऱ्यावर उभी केलीय. हातात तबक आहे. काय करू?"

काय करणार? भावाला ओवाळायला आलेल्या बहिणीला अडवायचं कोणतं कलम आमच्याकडे नव्हतं.

सुट्टीनंतर अण्णा ठरल्या वेळी आले. इस्त्रीचा शर्ट, डबा. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि समजलो.

"तिने काही विनंती केली?"

"शपथेवर सांगतो, केसचा एक शब्द काढला नाही. ओवाळलं, करंजी खाल्ली, पोराच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, दादा, मला माफ कर."

"तिला पाठवलंय, अण्णा. तुमच्या लक्षात येत नाही?"

"आलं ना लक्षात. मी काय वेडा आहे?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पाठवणारा कुणीही असो, आली ती ताई होती. माझ्या पोराचा चेहरा मी पाहिला, साहेब. आता त्याच्या बहिणीच्या बापाला मी तुरुंगात घालू?"

"आणि ती फी भरलेली मुलं? ती कुणाची तरी बहीण-भाऊ नाहीत?"

 "त्यांचं पाप माझ्या डोक्यावर. तेच कबूल करतोय ना."

दंडाधिकाऱ्यांसमोर त्यांनी सांगितलं की सगळं मी एकट्याने केलं. मी अटकेचा पंचनामा लिहिला तेव्हा ते मला शब्द सुचवत होते, कारण त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. परदेशी कुटुंब आपल्या देशात निघून गेलं. मालक पुन्हा निवडून आले. नागपूरकडची ती मुलगी एकदा भेटायला आली. "म्हणजे ते साहेब सुटले न?" एवढंच म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली आणि ती गेली. तिच्याकडे माझ्यासाठी ओरडासुद्धा उरला नव्हता.

अण्णांना शिक्षा झाली. शिक्षा भोगत असतानाच ते आजारी पडून वारले.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच काळाने एक बाई घरी आल्या. मी त्यांना फक्त कॅसेटमध्ये पाहिलं होतं, तरी लगेच ओळखलं. चहा समोर ठेवला, त्यांनी हात लावला नाही.

"त्या वर्षी बाबांनी मला बोलावून सांगितलं, जा, किती दिवसांत भावाला ओवाळलं नाहीस. मला इतका आनंद झाला. वाटलं, बाबांचं मन पालटलं. का पाठवलं ते मला खूप नंतर कळलं, अण्णाकाका गेल्यावर. त्यानंतर दादाच्या दारात जायची हिंमत झाली नाही. मला एकच विचारायचंय. मी गेले नसते तर अण्णाकाका सुटले असते का?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे जबाब तपासले. खोटं ऐकलं की मला कळतं, मग ते कितीही सफाईदार असो. घराणी, परदेशी भागीदार, कंपन्या हे सगळं कागदावर शोधता येतं, थोडं आज, थोडं उद्या. पण माणसाला एकदा आपलं म्हटलं की तो काय काय देऊन टाकतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. आणि ते ओळखून त्याचा वापर करणारे कोणत्याही कलमात बसत नाहीत.

"नाही," मी म्हणालो. "त्यांचं आधीच ठरलं होतं. दिवाळीपूर्वीच त्यांनी मला नकार दिला होता."

 त्यांनी पहिल्यांदा चहाचा कप उचलला.

"दादा कुठे राहतो माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

मी पत्ता सांगितला. भाऊबीज जवळ आली होती.