टोपी काढ, बाळा

‘रक्ताचा कॅन्सर आहे,’ असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रेखाने पहिला प्रश्न विचारला, ‘मग सहामाहीला बसता येईल ना हिला?’

मी रेखाच्या शेजारीच बसले होते. ठाण्याच्या ज्या इस्पितळात मी आठवड्यातून दोनदा जाते, तिथे माझं कामच ते. नवीन आलेल्या आईवडिलांच्या सोबत बसायचं, डॉक्टर बोलून गेले की तेच पुन्हा सोप्या शब्दांत सांगायचं, रक्त कुठे द्यायचं ते दाखवायचं. डोंबिवलीत माझं शिवणाचं दुकान होतं. ते सुनेच्या हवाली केलं आणि इथे यायला लागले.

रेखाची मनाली आठ वर्षांची. महिनाभर ताप येत-जात होता, पायांवर काळेनिळे डाग उठत होते. दिव्याला त्यांच्या घराजवळच्या डॉक्टरांनी आधी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, मग रक्त तपासलं आणि इकडे पाठवलं. आजाराचं नाव ‘ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’. म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथे कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही.

‘मुलांमध्ये हा बरा होतो, बऱ्याचदा होतो,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण उपचार लांबलचक आहेत आणि केमोची तारीख चुकवायची नाही. घरात काहीही असो, चुकवायची नाही.’

केमो सुरू झाली आणि केस गळायला लागले. मनाली रडली नाही. उशीवरचे केस गोळा करून तिने कागदात बांधले आणि आईला म्हणाली, ‘शाळेत कोणाला सांगायचं नाही हां. मी गावाला गेलेय असं सांग. चिपळूणला.’ मी तिच्यासाठी सुती कापडाची पिवळी टोपी शिवली, कानांवरून खाली येणारी. झोपतानासुद्धा ती टोपी काढत नसे. तपासणीला डॉक्टर आले की ती आधी दार बंद करायला लावायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते. लिहितानाही माझं डोकं तापतंय.

केमोनंतर काही दिवस मुलांचं ‘न्यूट्रोफिल काउंट’ खाली जातं. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या कमी झाल्या की साधी सर्दीही जिवावर बेतू शकते. म्हणून वॉर्डात एका मुलाजवळ एकच माणूस, तोही मास्क लावून. सख्ख्या आजीलाही आम्ही काचेबाहेर उभं करतो.

आणि अशाच दिवसांत एका सकाळी तिथे भाऊ आले. भाऊ म्हणजे दिव्याकडचे एक पुढारी. त्यांचा वाढदिवस होता आणि वाढदिवस म्हटला की आपल्याकडे रुग्णांना फळवाटप ठरलेलंच. सोबत वीस-बावीस जण. गळ्यात हार, हातात मोबाइल, मास्क हनुवटीवर. टोपल्यांत न धुतलेली द्राक्षं.

मी दारात आडवी झाले. ‘या मुलांचं काउंट खाली आहे, आत येऊ नका, फळं इथेच ठेवा,’ म्हटलं. व्यवस्थापनातले एक गृहस्थ धावत आले. ‘मॅडम, पाचच मिनिटं. वरून सांगून ठेवलंय.’ वरून म्हणजे कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या बाजूने वाट काढत सगळे आत शिरले.

मनालीची खाट दाराजवळ होती. भाऊंनी डाळिंब पुढे केलं. फोटोग्राफर म्हणाला, ‘टोपी काढ, बाळा. तशी पेशंट वाटत नाहीस.’ ती मान हलवत राहिली. तेवढ्यात कोणीतरी मागून टोपी उचललीसुद्धा. तिच्या उघड्या डोक्यावर भाऊंनी हात ठेवला आणि फटाफट फोटो निघाले. मी टोपी हिसकावून तिच्या डोक्यावर घातली. ‘अहो, चिडताय काय? आम्ही चांगलंच काम करतोय ना!’ असं वर त्यांच्यातल्या एकाने मलाच ऐकवलं.

चांगलं काम? आजारी मुलीला सर्वांसमोर उघडं पाडायचं, आणि आईने वर आभार मानायचे? रेखा कोपऱ्यात हात जोडून उभी होती. बाई बिचारी घाबरली होती, उद्या उपचारच थांबवले तर काय करायचं म्हणून. तेव्हा ज्यांचं मूल अशा वॉर्डात आहे त्यांना निक्षून सांगते, फोटोला नाही म्हणता येतं. गर्दीला नाही म्हणता येतं. त्यावरून कोणी औषध बंद करत नाही.

सुदैवाने मनालीला ताप आला नाही. काउंट वर आलं आणि पुढच्या केमोपर्यंत तिला घरी सोडलं.

त्या केमोच्या सकाळी रेखाचा फोन आला. ‘ताई, ही यायला तयारच नाही. उचलायला गेले तर चावते.’

मी दिव्याला गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच लाकडी चौकटीवर भलामोठा बॅनर ठोकला होता. हसरे भाऊ, हातात डाळिंब आणि समोर मनाली. बिनटोपीची, बिनकेसांची, डोळे भरलेली. खाली मोठ्या अक्षरांत, ‘गोरगरिबांचे कैवारी’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बॅनर पाहून मनालीच्या वर्गातल्या मुली घरी डोकावून गेल्या होत्या. चिपळूणची गोष्ट उघडी पडली होती. तिचे बाबा भाऊंच्या ऑफिसात जाऊन विनवून आले, तर उत्तर मिळालं, ‘राहू दे रे आठवडाभर. पोरगी फेमस झाली तुझी!’

मनाली चादरीत गुंडाळून पडली होती. आतूनच म्हणाली, ‘मावशी, मी त्याच्या खालून जाणार नाही. नाही म्हणजे नाही.’ गल्लीला दुसरी वाट नव्हती. इस्पितळात तिची खाट तयार होती आणि डॉक्टरांचं ‘चुकवायची नाही’ माझ्या कानात वाजत होतं.

रेखा माझ्याकडे वळली. ‘ताई, कात्री आहे का?’

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पिशवीत कात्री नसेल असं होत नाही. रेखाने पाण्याचं रिकामं पिंप उपडं घातलं, वर चढली आणि कापायला लागली. पिंप मी धरलं. समोरच्या भाऊंच्या ऑफिसातून एक कार्यकर्ता ओरडत आला, ‘ओ वहिनी! भाऊंचा बॅनर आहे तो!’

हात जोडणारी ती रेखा मागे वळलीसुद्धा नाही. ‘भाऊंना हात पण लावला नाहीये. माझं माझं घेतेय.’

तिने फक्त मनाली कापून घेतली. भाऊ तसेच राहिले, हसत हसत एका चौकोनी भोकाला डाळिंब देत. गल्लीतल्या बायकांना हसू आवरेना. कार्यकर्त्याने फोन काढला, मग त्या भोकाकडे पाहिलं आणि परत खिशात घातला.

मनाली स्वतःच्या पायांनी बाहेर आली. बॅनरखाली थांबली, वर पाहिलं आणि म्हणाली, ‘आता ते वेडे दिसतायत.’

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार होत आली होती. डॉक्टर चिडलेच. ‘तारीख म्हणजे वेळही आली त्यात. कुठे होता इतका वेळ?’

‘पोरीला बॅनरवरून उतरवत होते, डॉक्टर,’ रेखा म्हणाली.

त्यांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘आधी सलाइन लावा. मग सगळं सांगते.’