दोन रिंगांपुरता फोन

नाशिकला द्वारका चौकात माझा एसटीडी बूथ होता तेव्हा मला सगळ्यात जास्त राग यायचा तो फुकट्या गिऱ्हाइकांचा. काचेच्या खोक्यात शिरायचं, नंबर फिरवायचा, पलीकडे दोन रिंगा गेल्या की रिसीव्हर खाली ठेवायचा. मीटर पडायचा नाही, मशीनमधून पावती निघायची नाही, आणि माणूस हसत बाहेर. एकाच्या दोन रिंगा म्हणजे 'पोचलो', दुसऱ्याच्या तीन म्हणजे 'टेम्पो पाठवा', कुणाची एकच म्हणजे 'भाव पडला, उद्या माल तोडू नका'. आजूबाजूची सगळी गावं माझ्या डोक्यावर बसून अशी फुकटात बोलत होती. मी काचेवर पाटी लावली की रिंग देऊन कट करणाऱ्यांनी एक रुपया द्यावा. पाटी सगळ्यांनी वाचली आणि रुपया कुणीच दिला नाही.

त्यातलीच एक मुलगी. आडगावच्या पुढे महामार्गाला एक फाटा आहे, तिथून आत दोनेक किलोमीटरवर तिचं गाव. घरचा भाजीपाल्याचा मळा. ती नाशिकला कॉलेजात यायची, बी.कॉम.ला. संध्याकाळी द्वारकेला गाडी बदलावी लागायची. दुसरी गाडी लांबून दिसली की ती पळत बूथमध्ये यायची, घरच्या टेलिफोनवर दोन रिंगा द्यायची आणि पळत जाऊन गाडी पकडायची. रिंग गेली की तिचे वडील मोपेड काढून फाट्यावर तिला घ्यायला निघत. बारावीच्या पुढे शिकणारी त्या घरातली ती पहिलीच. हे मला तिच्या आईने सांगितलं होतं. आई आठवड्यातून तीन दिवस मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन द्वारकेजवळ रस्त्याकडेला बसायची आणि जाताना माझ्या माठातलं पाणी प्यायची.

"तुमच्या पोरीने एक दिवस तरी मला रुपया दाखवावा," मी तिला म्हणायचो.

"मेथीची जुडी नेता तवा तुमी कदी दाखवला का?" ती म्हणायची. आणि ते खरं होतं.

त्या दोन रिंगांवर मुलीचं कॉलेज टिकून होतं, हे मला तेव्हा ठाऊक होतं. द्वारकेच्या चौकात गाड्या अडकल्या की तास-तास हलत नाहीत. रिंग नसेल तर वडलांना पाच वाजल्यापासून फाट्यावर उभं राहावं लागे. तिथे चहाच्या टपरीवर गावातली माणसं बसलेली. 'पोरगी नाय आली का अजून?' असं एकाने विचारलं की दुसरा विचारायचा. वडलांनी घरात स्वच्छ सांगितलं होतं की मला तिथं ताटकळत ठेवायचं नाही, नाहीतर कॉलेज बंद. माणूस वाईट नव्हता. पण लोक काय म्हणतील ह्याला तो घाबरायचा, आणि असं घाबरणारा माणूस घरच्यांना फार जड जातो. मी स्वतःच्या घरात ते पाहिलेलं आहे.

मोबाइल तोवर आलेले होते. पण ते कारवाल्यांचे होते. मग इनकमिंग फुकट झालं आणि वर्षभरात माझा बूथ बसला. सकाळपासून दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक येईना. मी एके दिवशी काचेचं खोकं काढून भंगारवाल्याला दिलं, त्या जागी शोकेस बसवली आणि मोबाइलचं दुकान सुरू केलं. नवे फोन, जुने फोन, रिचार्जची कूपनं, कव्हरं. आपण काळाबरोबर चाललो ह्याचा मला भलताच अभिमान वाटला. दोन रिंगा देणाऱ्यांचं काय होणार, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. उलट सुटलो म्हणालो.

दुकान लागून वर्ष झालं असेल. एका कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात छापील कागद. त्याला विचारायचं होतं की लहान, साध्या, स्वस्त फोनला इथे मागणी आहे का. नुसता बोलण्यापुरता फोन, बाकी काही नाही, असा काढला तर खपेल का?

"स्वस्त सगळ्यांना हवा आहे," मी म्हणालो. "साधा कुणालाच नको. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. मी त्याला चहा पाजला आणि आणखी ज्ञान दिलं. आमच्याकडे माणूस फोन घेतो तो चारचौघांत खिशातून काढायला. शेतकऱ्यालासुद्धा रंगीत पडदा लागतो, गाणी लागतात, कॅमेरा लागतो. मी हे खोटं बोलत नव्हतो, मला तसंच वाटत होतं. खरी गोष्ट अशी की साधा फोन मागणारे रोज दोघं-तिघं येत. मीच त्यांना समोर बसवून, 'अहो, एवढ्याने काय होतंय' म्हणत वरचा फोन गळ्यात मारत असे. संध्याकाळी शोकेस बघितली की साधे फोन तसेच पडलेले, म्हणून मी पुढे ते आणणंच बंद केलं. आणि मग म्हणायचं की साध्याला मागणी नाही!

पावसाळा संपता संपता मायलेकी दुकानात आल्या. आई पाटी डोक्यावरून उतरवून पायरीवर बसली, मुलगी काउंटरपाशी उभी राहिली. बूथ गेल्यापासून तिची पंचाईत झाली होती. शेजारच्या पानटपरीवर रुपया टाकून बोलायचा लाल डबा होता, त्यावर तिने इतके दिवस भागवलं, पण आता तिथे टवाळ पोरांचा अड्डा झाला होता. दोनदा ती तिथे गेली, दोनदा पोरं काहीतरी बोलली, तिसऱ्यांदा ती गेली नाही. त्या आठवड्यात वडील दोन वेळा फाट्यावर ताटकळले होते.

"भाऊ, पोरीला एक फोन द्या," आई म्हणाली. "लय भारी नको. निस्ता वाजला पायजे."

"काका, साधा द्या," मुलगी म्हणाली. "काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. जुना असला तरी चालेल."

माझ्याकडे तसा एकही नव्हता. मला 'नाही' म्हणता आलं असतं. रविवार कारंजाला माझ्या ओळखीचं दुकान होतं, तिथे पाठवता आलं असतं. पण आलेलं गिऱ्हाईक हातचं घालवायचं नाही, ही सवय. त्यातून ह्या मायलेकी माझ्या जुन्या, घरच्यासारख्या. मी खणातून एक जुना कॅमेरावाला फोन काढला. आठ दिवसांपूर्वीच एका पोराने विकला होता, चांगला चकचकीत.

"साध्याच्या भावात हा घ्या. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

"कॅमेरा नको काका," मुलगी म्हणाली. "बिनकॅमेऱ्याचा नाही का एखादा?"

"अगं, लोक कॅमेऱ्यासाठी भांडतात आणि तुला फुकट मिळतोय तर नको? मैत्रिणींचे फोटो काढ. मावशी, पोरगी तुमची अगदीच भोळी आहे."

आई हसली. भाऊ एवढं म्हणतात तर चांगलाच असणार, असा तिचा चेहरा. मी सिम घातलं, घरचा नंबर भरून दिला, दोन रिंगा देऊन दाखवल्या. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. आपण कुणाचं तरी भलं केलं, असं वाटून मी घरी बायकोलाही ते सांगितलं.

पुढचे दीडेक महिने मुलगी संध्याकाळी दुकानासमोरून जाताना हात करायची. मग दिसेनाशी झाली. दिवाळीची सुट्टी असेल म्हटलं. सुट्टी संपली तरी नाही. आईसुद्धा बसायची बंद झाली. एकदा सकाळी ती अचानक दुकानात आली आणि कूपन मागितलं. मालकांच्या फोनात टाकायचंय म्हणाली आणि नंबराची चिठ्ठी पुढे केली. माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी. मुलीचा नंबर.

"हा तर पोरीचा नंबर आहे मावशी."

"पोरीचं कालेज बंद झालं," ती म्हणाली. "फोन आता मालक वापरत्यात."

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. मुलीचा धाकटा भाऊ फोनशी खेळत होता. खेळता खेळता त्याला आत एक फोटो सापडला. निळा टीशर्ट घातलेला, पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर बसून हसणारा एक तरणा पोरगा. त्याने तो सगळ्यांसमोर वडलांना दाखवला. मुलगी म्हणाली मी ह्याला ओळखत नाही, हा फोटो आधीपासूनच असेल. कुणाला पटेना. आईलाही पटलं नव्हतं. हे तिनेच मला सांगितलं, खाली बघून.

तो पोरगा म्हणजे मला फोन विकून गेलेलाच. फोटो मी पाहिलेला होता. पाहिलेला कसला, आठ दिवस मी तोच फोटो गिऱ्हाइकांना दाखवत होतो, कॅमेऱ्याने फोटो किती स्वच्छ येतो ते कळावं म्हणून. पुसायचा राहिला. मुलीला फोन देताना तो आत आहे ह्याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

मी ते तिला सांगितलं. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग हे तुमी आमच्या घरी येऊन सांगा," एवढंच म्हणाली आणि गेली.

मी चार दिवस गेलो नाही. दुकानात गर्दी आहे, माल यायचाय, अशी कारणं मी स्वतःलाच देत होतो. खरं तर मला भीती वाटत होती. पाचव्या दिवशी रविवार कारंजाच्या त्या दुकानातून एक साधा फोन आणला. काळा-पांढरा पडदा, वर टॉर्च, बाकी काही नाही. तो खिशात घालून दुपारी स्कूटरवर गेलो. मळ्यात कोबी लागला होता. वडील घराला लागूनच असलेल्या पंपाच्या खोलीबाहेर बाजेवर बसले होते. मी ओळख सांगितली. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि आत चहाला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. फोन कुणी विकला, कधी विकला, फोटो कसा राहिला. त्यांनी खिशातून तोच फोन काढून माझ्या हातात दिला. फोटो अजून तसाच होता. मी म्हणालो, "हाच तो पोरगा. मुलीचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

ते पाटाच्या पाण्याकडे बघत होते.

"तुमचं खरं असंल," मग म्हणाले. "पण म्या तिला लय मारलं हाय, शेठ. आता काय म्हणू तिला?"

मी हातातल्या फोनमधला तो फोटो पुसून टाकला आणि फोन त्यांना परत दिला.

मुलगी चहा घेऊन आली. वाळल्यासारखी दिसत होती. तिने सगळं ऐकलं असणार, दार उघडंच होतं. वडलांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, "सोमवारपासून जात जा कालेजला."

"परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली अप्पा," ती म्हणाली. "आता पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. दोन पाहुणे ह्या घरातून निघून फाट्याकडे जाताना मी येतानाच पाहिले होते. मुलगी बघायला आलेली माणसं लांबूनही ओळखू येतात.

मी खिशातला साधा फोन काढून तिच्यापुढे धरला. "हा घे. ह्यात कॅमेरा नाही. दोन रिंगांपुरता आहे."

तिने तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. नीट, मन लावून बघितला, दुकानात बघू दिला असता तर बघितला असता तसा. मग परत दिला.

"मला आता कशाला काका," ती म्हणाली. "उशीर व्हायला मी आता जाणार कुठंय?"

रागाने म्हणाली नाही. रिकामे कप उचलले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तो फोन शोकेसमध्ये ठेवला. दुपारच्या आत विकला गेला.