इंगोले सरांचं दळण

हिंगोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पिठाची गिरणी आहे. तरी इंगोले सर दर रविवारी ज्वारीची पिशवी घेऊन एसटीत बसायचे आणि सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका तांड्यावरून दळून आणायचे. महाविद्यालयात ते पत्रकारिता शिकवायचे, मी त्यांच्या हाताखाली नवा प्राध्यापक. संध्याकाळी बसस्थानकावर दिसायचे ते बाहीपासून भुवयांपर्यंत पांढरे. माझ्यासोबत विद्यार्थी असले की मी सरळ पानटपरीच्या आडोशाला व्हायचो. खोटं कशाला बोलू, मला त्यांची लाज वाटायची.

सर मूळचे कुरुंद्याचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण विषयात शिरले की गावचे व्हायचे. संशोधन करणाऱ्या पोरांना सांगायचे, "नाव बदललं म्हणून हुरळू नका. तशी माणसं त्या गावात किती हायेत, ते आधी बघा." पोरं हसायची. मीही हसायचो.

एकदा त्यांनीच मला सगळं सांगितलं. बातमीदारीतले नवे प्रयोग हा त्यांच्या संशोधनाचा विषय. औंढ्याकडचा एक वार्ताहर रोज सकाळी आपल्या आवाजात बातम्या रेकॉर्ड करून गावोगावच्या मोबाइलवर पाठवायचा. जिथं वर्तमानपत्र पोचत नाही त्या तांड्यांवरच्याही बातम्या त्यात असत: टँकर आला नाही, मास्तर आले नाहीत, रेशनचा गहू परस्पर विकला. त्याला या बातम्या कोण पुरवतं, हे सरांनी शोधून काढलं. तांड्यावर गिरणी चालवणाऱ्या केसरबाई. दळणाला आलेल्या बाया बोलायच्या, केसरबाई त्यातलं खरं-खोटं पारखून वार्ताहराला फोन करायच्या. सरांनी यावर लेख लिहिला. बाईंचं नाव बदललं, तांड्याचं नाव गाळलं, 'सिद्धेश्वर परिसरात गिरणी चालवणारी महिला' एवढंच ठेवलं.

"अन् त्या पट्ट्यात बाईची गिरणी एकच," सर म्हणाले. "पीएच.डी. झालेला माणूस मी. एवढं डोक्यात आलं न्हाई."

लेखाचं कौतुक झालं. महाविद्यालयाने तो मोठ्या अभिमानाने फलकावर लावला. तिथल्या रेशन दुकानदाराचा पुतण्या आमच्याकडेच शिकत होता, त्याने तो वाचला. मग काय! रेशन ज्याच्या हातात, त्याच्याशी वाकडं कोण घेणार? घरोघरच्या पुरुषांनी बायांना बजावलं, तिथं दळायला जायचं नाही. केसरबाईंच्या खबरा थांबल्या आणि गिरणीही बंद पडायला आली. सर माफी मागायला गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाईक ऱ्हायलं न्हाई, सर." पुढच्या रविवारपासून सर दळण नेऊ लागले.

मी एकदा सोबत गेलो. गिरणीवर आमच्याखेरीज कोणी नव्हतं. सर चपला काढून दारातच बसले.

"काय खबर, केसरबाई?"

"खबर न्हाई, सर. पीठ हाय."

गिरणी सुरू झाली. दळण होईपर्यंत सर खाली मान घालून बसून राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला असं बसलेलं बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना एसटीत ते म्हणाले, "बाई अजून रागात हाय. बराबर हाय तिचं."

गेल्या उन्हाळ्यात सर अचानक गेले. शोकसभेत जो उठला त्याने त्याच लेखाचा गौरव केला, आणि मीही मान डोलावली. नंतरच्या रविवारी तांड्यावर कळवायला गेलो. जाताना ज्वारीही नेली. सरांचं व्रत आता आपण चालवावं, असं मनात होतं.

ऐकल्यावर केसरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "लई भला माणूस. पन रविवारी कोणीच येत नव्हतं."

"म्हणजे?"

"सर दारात बसलेले दिसायचे ना. लोकायला वाटायचं, बाई पुन्हा खबर देऊन राहिली. आठवडाभर चार बाया चोरून यायला लागायच्या. रविवारी सर आले की त्याबी बंद."

"मग सरांना सांगितलं का नाही? त्यांना वाटायचं, तुम्ही रागावलात."

"राग कशाचा? पन सांगू कसं? आधीच मान वर करत नव्हते. अजून किती लाजवायचं?"

रस्त्यावरून एक मोटारसायकल चालली होती. चालवणाऱ्याने वेग कमी केला, आम्हा दोघांकडे नीट बघून घेतलं आणि पुढे गेला. केसरबाई दारातून आत सरकल्या.

"तुमी आता येऊ नका, सर," त्या म्हणाल्या.