पलीकडच्या खोलीतला कॅमेरा

भाव पडलेला होता, म्हणून त्या वर्षी गावात जवळजवळ सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. दाराजवळची बसण्यापुरती जागा सोडली तर आमची पुढची खोली छतापर्यंत भरली. अंगाला खाज सुटायची, धान्याच्या कोठ्या स्वयंपाकघरात आल्या, पाहुणे अंगणात बसू लागले. त्यातच शेजारच्या गावात दोन घरांतून कापूस चोरीला गेला आणि मी कॅमेऱ्याचा हट्ट धरला. मी कळंबला शाळेत शिकवायला जात असे, हे शेतात. दिवसभर घराकडे बघायला कोणी नसे.

आमचं घर म्हणजे अर्धं घर. वाटणीत मोठ्या खोलीच्या मधोमध विटांची भिंत आली. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे दीर आणि जाऊ. भाऊ-भाऊ बोलत. आम्ही जावा सहा वर्षं बोलत नव्हतो. कारण सासूबाईंचं पितळी घंगाळ. ते माझ्याकडे आलं, आणि ते मलाच मिळायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

इंटरनेटचं कनेक्शन एकच, आमच्याकडे. दिरांच्या घरालाही तेच पुरायचं. म्हणून भावांनी दोन सारखे कॅमेरे एकदमच मागवले. बसवायला कळंबचे एक चाचा आले. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, हात हळू पण काम पक्कं. राउटरजवळ जोडणी पटकन होते म्हणून त्यांनी दोन्ही कॅमेरे आमच्याच टेबलावर ठेवले, वायफायचा पासवर्ड टाकला, एक माझ्या फोनला जोडला, दुसरा जावेच्या. तिचा फोन दिरांनी आणून दिला होता. ती स्वतः आमचा उंबरा ओलांडणार नव्हती. मग मी चहा आणला आणि टेबलावर जागा करायला कॅमेरे उचलून खिडकीत ठेवले. चहा झाल्यावर चाचांनी एक आमच्या कापसाच्या खोलीत दारावर लावला, एक पलीकडे.

"खोलीत कोणी आलं का फोन वाजते, मॅडम," ते म्हणाले. "चोर असंल तर हे बटन दाबून इथूनच दम द्या. आवाज तिकडे निघते."

मधल्या सुट्टीत फोन उघडून पाहायचा मला नादच लागला. कापसाची पांढरी गंजी, बाकी काही नाही. घरी असताना मी पाहत नसे. खोली समोर असताना ती फोनात कशाला बघायची?

दुसऱ्या आठवड्यात फोनात जाऊ दिसली. टोपलं घेऊन आली, निवांत बसली, चांगला पांढरा कापूस निवडून टोपलं भरलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर तिनं स्टुलावर चढून पदरानं कॅमेरा पुसला. एवढी हिंमत! माझं डोकंच फिरलं. आमच्या मागच्या दाराची कडी ढिली आहे हे तिला माहीत होतं. खरं सांगते, रागाबरोबर मला बरंही वाटलं. मी बरोबर आणि ती चूक, याचा पुरावा सहा वर्षांनी हातात आला होता.

त्याच दिवसांत माझा गुडघा धरला होता. दिरांनी मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली आणून दिली. "वैनी, गुडघ्याले लावा." मी दिरांचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांना गुडघ्याचं कोणी सांगितलं, हे विचारायचं सुचलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी ह्यांना हाताला धरून कापसाच्या खोलीत नेलं.

"पाहा, केवढा कमी झाला!"

"जसाच्या तसा हाये," हे म्हणाले.

"चोर हाये तुमची भावजय! उद्या पोलीस पाटलाले बोलावते अन् साऱ्या गावाले व्हिडिओ दाखवते. मंग पाहू, कोणत्या तोंडानं फिरते."

दारावर खरखर झाली आणि कॅमेऱ्यातून जावेचा आवाज आला.

"बाई, तो कापूस माहा हाये. खोलीबी माहीच हाये. कॅमेरे बदलले. तुमच्या फोनात माही खोली दिसून राह्यली, माह्या फोनात तुमची."

मी वर पाहत राहिले. हे हसू आवरत खाली पाहू लागले.

"लेकीच्या बाळंतपणासाठी गादी भरून राह्यली मी," ती पुढे म्हणाली. "पोलीस पाटलाले बोलवाच. शिवायले तेवढीच मदत होईन."

सहा वर्षांतलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

"मंग इतके दिवस सांगितलं काहून नाही?" मी कॅमेऱ्यालाच विचारलं.

"कोणाले सांगू? तुमी बोलता का माह्याशी?"

मी तिथंच कापसावर बसले. रोज संध्याकाळी याच खोलीत बसून मी तिच्या नावानं बोटं मोडली होती. तिचं माहेरही सोडलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. आणि याच खोलीत गुडघा धरून मी कण्हत होते, तेही तिनं ऐकलं होतं. मोहाचं तसं तेल झरीकडून येतं, आणि झरी तिचं माहेर. मला इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

चार दिवस तिच्या दाराशी जायला पाय उचलला नाही. पाचव्या दिवशी शाळेतून आल्यावर पलीकडे भांड्यांचा आवाज ऐकला, खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि कॅमेऱ्याखाली उभी राहिले.

"तुले चोर म्हटलं ते चुकलं माहं."

भांडी वाजायची थांबली होती. मग खरखर झाली.

"ऐकू नाही आलं, बाई. नेट गेलतं. पुन्हा म्हणा."

राउटर माझ्याच घरात. दार किलकिलं करून पाहिलं, तर त्याचे हिरवे दिवे सगळेच्या सगळे लागलेले.

मी पुन्हा म्हटलं. या वेळी कॅमेऱ्याकडे न पाहता, भिंतीकडे तोंड करून, मोठ्यानं.