दंडाच्या शेंगा

मेरीनं दारातनंच सांगितलं, “मावशी, आत्या गेली.” आणि माझ्या तोंडून काय निघावं? “कशावरून?” पोरगी बघतच राहिली. मग रडता रडता हसायला लागली, अन् मीही. रूथबाईंची ही भाची, तीही नर्सच. ‘कशावरून’ हा तिच्या आत्याचाच शब्द, तिला काही नवा नाही. बाई गेल्याला आता महिना होत आला. ऐंशी ओलांडलेली बाई झोपेत गेली, यात नवल ते काय... पण मला काही केल्या खरं वाटेना. मेरीबरोबर एसटीत बसले, तरी वाटेना.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी लोहाऱ्याची, उर्दू शाळेत शिकलेली, जिल्ह्यातल्या एका लहानशा दवाखान्यात नवीनच नर्स म्हणून लागले. रूथबाई आमच्या हेडनर्स. दुपारी काम जरा हलकं झालं की आम्ही सगळ्या पडवीत बसायचो, मधे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप. बाईंचा नियम एकच: जखम अशी धुवावी, बाळंतिणीला पाणी देऊ नये, काय वाटेल ते म्हणा, पण कशावरून म्हणता ते सांगा! “आमच्याकडं असंच करतात” हे उत्तर चालायचं नाही. पुस्तकात बघा, पेशंटला विचारा, मग बोला. उत्तर नसेल तिला दंड, सगळ्यांच्या शेंगा सोलायच्या. पहिल्या महिन्यात मी इतक्या सोलल्या की शेंग दिसली तरी बोटं दुखायची.

अशात तेरखेड्याचे इब्राहिमभाई आले. शोभेची दारू करायचे. ती भडकून दोन्ही हात भाजलेले. “बाई, बोटं तेवढी वाचवा. ही मिटली न्हाईत तर वात कशी वळू? घर चालतंय त्याच्यावर.” बाईंनी आपलं इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात टॅनिक ॲसिड लिहिलेलं; लावलं की जखमेवर चामड्यासारखी खपली धरायची. बाई वाटीत औषध कालवायलाही लागल्या. औषधांच्या पेटीबरोबर हैदराबादहून एक उर्दू मासिक यायचं, त्यात मी निराळंच वाचलं होतं. म्हटलं एकदाचं, “बाई... कशावरून?”

“पुस्तकावरून,” बाई म्हणाल्या, “अन् तुझं कशावरून?” मी मासिक आणून वाचून दाखवलं. हाताला हे लावू नये, खपली आवळते, बोटं ताठ होतात. “परत वाच.” परत वाचलं. “कधीचं आहे?” मासिक नवं होतं, पुस्तक त्यांच्या शिकण्याच्या वेळचं. बाईंनी कालवणं थांबवलं. मग म्हणाल्या, “येरमाळ्याची ती बाई आठवते का गं? हेच लावलं होतं तिला. अजून मूठ मिटत नाही, भाकरी थापता येत नाही. आपण हळहळलो नुसतं, कशानं ते विचारलं नाही.” वाटी बाजूला ठेवली, मासिक घेतलं अन् थेट डॉक्टरसाहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी ते दोनदा वाचलं. “ठीक है बाई, ऐसाच करो.”

मग व्हॅसलीनच्या पट्ट्या, आणि रोज बोटं हलवणं. इब्राहिमभाई ओरडायचे, “अल्ला! जीव घेता का माझा?” बाई म्हणायच्या, “बोंबला खुशाल, पण बोट वाकवा.” मला रात्रंदिवस एकच घोर, आपलं चुकलं तर? या माणसाचे हात आपल्या शब्दावर टांगलेत. शेवटी जखमा भरल्या, पट्ट्या निघाल्या. बाईंनी खिशातली एक शेंग त्यांच्या हातावर ठेवली. “फोडा.” नव्या गुलाबी कातडीची ती बोटं हळूहळू मिटली... आणि कट्! अख्खा वॉर्ड हसला. मी मात्र भोकाड पसरलं. दुपारी पडवीत बाईंनी सूप स्वतःच्या मांडीवर ओढलं. “हरले मी. गंगू, तू बस नुसती, खा.” तसल्या गोड शेंगा मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

एसटीतनं उतरून मेरीबरोबर बाईंच्या घरी पोचले. खाटेशेजारी सूप होतं, अर्ध्या शेंगा सोललेल्या, अर्ध्या तशाच. मेरी म्हणाली, “काल माझ्याशी वाद हरली होती. सोलता सोलताच डोळा लागला तिचा.” दंडाच्या शेंगा अर्ध्यावर सोडणारी बाई नव्हती ती. तेव्हा कुठं बाई गेल्याचं मला पटलं. सूप मांडीवर ओढलं, अन् उरलेल्या शेंगा मी सोलल्या.