भर दर्यात दिलेली ओ

मंडळी, या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते... आणि खरं सांगू? निम्म्या गोष्टी वाचून हसते. माझं माहेर रोह्याकडचं, भातशेतीवाल्यांचं. बीएस्सी केमिस्ट्री केलं, लग्नाआधी एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. कुणी चकवा, हडळ वगैरे सुरू केलं की "पुरावा दाखव" म्हणून अंगावर जाणारी मी. नवरा म्हणतो, तुला भूत दिसलं तर बिचारं भूतच पळून जाईल. त्यामुळे आज हे लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय. पण ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही.

आम्ही मुरुडच्या कोळीवाड्यात राहतो. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात बोंबील टांगायला बांबूंवर बांधलेल्या दोऱ्या, म्हणजे आमच्या वलांड्या. नवरा निलेश बोटीवर जातो. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, मासळी विकतात आणि उरलेली सुकवतात. सासरे नाहीत. निलेश एकुलता एक, त्यामुळे आईंचा सगळा जीव त्याच्यात.

गेल्या दिवाळीच्या सुमारास अचानक वारं सुटलं आणि निलेशची बोट आलीच नाही. वायरलेसला उत्तर नाही, फोन बंद. एक रात्र गेली, दुसरा दिवस मावळायला आला. आई बंदरावरून हलल्या नाहीत, पाण्याचा घोट घेतला नाही. शेवटी दुसऱ्या एका बोटीनं ओढत आणली. इंजिन बंद पडलं होतं, माणसं सगळी धड. निलेश उतरला, आईंनी त्याला डोळे भरून पाहिलं, "आलास रे बाबा" म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवून तिथंच खाली बसल्या.

अलिबागला नेलं. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. पण अँजिओग्राफीत नळ्या स्वच्छ! डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. म्हणाले, "मोठ्या धक्क्यानं हृदयाचा स्नायू काही दिवस दुबळा पडतो, टोक फुगतं. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं, त्याच्यासारखा आकार होतो, म्हणून याला टाकोत्सुबो म्हणतात."

आई खाटेवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "जलम गेला मासळीत, आता माझ्याच काळजाचं मडकं झालं व्हय?" डॉक्टरसुद्धा हसले.

मग गंभीर झाले. हे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. पण तोवर त्या फुगलेल्या भागात रक्त साचून राहतं, आणि साचलं की गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, रोज, न चुकता. मी मान हलवत एकेक गोष्ट कागदावर लिहून घेत होते.

घरी आल्यावर मी पहारेकरीच झाले हो! रोज समोर उभी राहून गोळी द्यायची. "घेतली?" "घेतली गो माझे आय, आता काय तोंडात बोट घालून बघतेस?" असा आमचा रोजचा संवाद. त्या झोपल्या की मी जाऊन श्वास चालू आहे का बघून यायची. निलेश पुन्हा बोटीवर जायला लागला तेव्हा तर मला धड जेवण जाईना. आई मात्र आठवडाभरात अंगणात बोंबील टांगायला हजर. ओरडून उपयोग नाही. बोंबलाचा मोसम आणि आई आत बसून राहतील, शक्यच नाही.

ती दुपार. शनिवार होता. पुढे पुण्याची मंडळी उतरलेली, त्यांना सुरमईची ताटं हवी होती. मी गॅससमोर, मागचं दार उघडं, आई अंगणात. तेल तडतडत होतं, एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. एवढ्यात निलेशचा फोन. बोट बंदरापासून चांगलीच आत, तिथून क्वचित एखादी काडी रेंज मिळते.

"आई कुठंय?" ना हॅलो, ना काही.

"अंगणात. का?"

"तू आधी बघ. फोन चालू ठेव आणि बघ!"

मी चिडलेच. तव्यात मासे टाकलेले, याला काय सुचतंय! पण त्याचा आवाज इतका कापत होता की झारा तसाच टाकून मागे गेले. आई वलांडीखाली एका कुशीवर पडल्या होत्या. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मेल्यागत. डोळे उघडे. मी "आई, आई" करत ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण आवाज म्हणून नाही. मी कुंपणावरून शेजाऱ्याला बोलावलं. पण एक गोष्ट तेव्हाच जाणवली... त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. चेहरा अगदी निवांत होता.

शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि अलिबागला निघालो. काशीदला नेहमीची शनिवारची गर्दी, रस्त्यात आडव्या गाड्या, घोडे, कणसं खाणारे लोक. मी खिडकीतून हात बाहेर काढून अक्षरशः शिव्या घालत होते. मांडीवर आईंचं डोकं. मनात एकच, हॉस्पिटलला कधी पोचतोय.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?" मी छातीठोकपणे म्हटलं, "रोज देते, माझ्यासमोर." त्यांचा चेहरा पडला. गोळीचा अंमल असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. तातडीनं रक्त तपासलं... आणि गोळीचा अंमल शून्य. आईंनी कित्येक दिवस गोळी घेतलीच नव्हती!

नंतर त्यांच्या मिश्रीच्या डबीत सापडल्या न घेतलेल्या गोळ्या. मासळी साफ करताना काटे लागून बोटं कापतातच, आमच्याकडच्या बायका त्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण गोळी सुरू झाल्यापासून आईंचं रक्त थांबेना, मासळीला लागायला लागलं. रगत लागलेला बोंबील कोण घेणार? म्हणून माझ्यासमोर गोळी जिभेखाली धरायची आणि मी वळले की डबीत. त्यामुळेच गुठळी झाली, आणि त्यामुळेच इंजेक्शन देता आलं. यावर रडावं की हसावं मला आजही कळत नाही.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो."

संध्याकाळी निलेश पोचला. आईंना आत ठेवलेलं, आम्ही बाहेरच्या बाकावर. मी विचारलं, तुला कसं कळलं?

त्यानं आधी आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आईनं हाक मारली."

जाळं ओढत होते. इंजिन बंद, सगळे कामात. आणि मागून, पाण्याच्या बाजूनं, स्वच्छ, "निल्याऽऽ! ये रे!" बंदरावरून मारते तशी. त्यानं एकट्यानं नाही, सगळ्या बोटीनं ऐकली. सगळ्यांचे हात थांबले. पांडूबाबा, म्हणजे बोटीचे तांडेल, बोटीवरचे मुख्य, त्यांनी लगेच दम दिला, "कोनी मागं बघायचं न्हाय, ओ द्यायची न्हाय!" आमच्याकडे हा नियमच आहे. दर्यात नाव घेऊन हाक आली तर ती माणसाची नसते, ओ देणाऱ्याला दर्या घेऊन जातो. लहानपणापासून शिकवतात.

दुसऱ्यांदा हाक आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यात रडू होतं. निलेशला राहवेना. तो वळला आणि ओरडला, "आलो गं आई! घाबरू नको, आलो!" पांडूबाबांनी कपाळावर हात मारून घेतला. हाक थांबली. मग यानं मला फोन लावला.

मी तेव्हा काय केलं? वाद घातला! दमला असशील, वाऱ्यानं भास होतो, ऐन काळजीत असं होतं... तो उठून आईंच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी बोटीवरच्या प्रत्येकाला नंतर स्वतः गाठून विचारलं. सगळे तेच सांगतात. पांडूबाबा तर त्या दिवसाचं नाव काढलं की उठून जातात.

आईंची वाचा हळूहळू आली. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. आम्ही हाकेबद्दल त्यांना काही बोललो नव्हतो, मीच सगळ्यांना बजावलं होतं, हृदयाला पुन्हा धक्का नको. त्या बऱ्या झाल्यावर एकदा मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा म्हटलं, "आई, मी चार पावलांवर होते हो. मला का नाही हाक मारलीत?"

"हाक तं मारत व्हते गो. पर तोंडातून नुसता वारा येत व्हता, माजं मलाच ऐकू येईना. लई भ्याले. मग निल्याला हाक मारली."

"निलेश तर दर्यात होता."

"मंग? त्यानं ओ दिली ना." मीच वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाल्या. "'आलो गं आई, घाबरू नको, आलो' म्हनला. तवा मी गप पडून राहिले."

माझ्या हातातली फणी तशीच राहिली. मागे वळून पाहिलं तर दारात निलेश उभा. त्यानं ऐकलं होतं.

आता आईंचं हृदय पूर्ववत आहे, गुठळी नाही, हातही बराच चालतो. या सगळ्याला माझ्याकडे काडीचंही स्पष्टीकरण नाही, आणि इथल्या कुणाकडे असेल तर खरंच सांगा, मी वाद घालणार नाही. फक्त एक. निलेशनं दर्याला नाही, स्वतःच्या आईला ओ दिली होती, एवढं मला आता नक्की माहीत आहे. हे मी पांडूबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, तुला म्हाईत हाय. दर्याला म्हाईत हाय का?" निलेश आज पहाटेच बोटीवर गेलाय.